पंधरा गाड्या पुस्तकं : ली छिंगचाओच्या मागावर आठ दिवस

पहिला दिवस : जिनान

शांघाय ते जिनान हे सुमारे नऊशे किलोमीटरचं अंतर जलद गाडीने साडेतीन तासांत संपलं. आई सगळा वेळ खिडकीशी होती. बाहेर कापलेला मका, मग नांगरलेली जमीन, मग परत मका. "इथली माती आपल्या कृष्णाकाठापेक्षा पिवळी दिसते गं," एवढंच ती मध्ये एकदा म्हणाली.

आई सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. सगळी नोकरी एकाच वाचनालयात. शांघायला माझ्याकडे ती दुसऱ्यांदा आली होती. या खेपेला तिला उंच इमारती दाखवत बसायचं नाही, एका बाईची ओळख करून द्यायची, असं मी ठरवलं होतं. ही बाई नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेली. तिच्या ओळी इथल्या पोरांना शाळेतच पाठ होतात. ली छिंगचाओ. जन्म १०८४, मृत्यू ११५५च्या सुमारास. मी चिनी शिकत असताना तिच्या कवितांपाशी अडखळले, आणि नंतर नवऱ्याच्या शिलालेखांवरच्या ग्रंथाला तिने लिहिलेल्या एका प्रस्तावनेपाशी थांबले ते थांबलेच. ती प्रस्तावना आईला वाचून दाखवायची, आणि ती जिथे घडली तिथे जाऊन दाखवायची, म्हणून हा आठ दिवसांचा घाट.

हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने आईकडे बघून हाक मारली, "आयी!" आई चमकून वळली. "हिला कसं कळलं मी तुझी आई आहे ते?" चिनी भाषेत मोठ्या वयाच्या बायकांना आपल्या मावशी-काकूसारखं 'आयी' म्हणतात, हे तिला सांगितलं. पुढचे आठ दिवस दुकानदार, तिकीट तपासनीस, टॅक्सीवाले सगळे तिला 'आयी' म्हणत राहिले आणि ती दर वेळी तितकीच खुलत राहिली.

जिनान हे झऱ्यांचं गाव. दक्षिणेकडच्या चुनखडीच्या डोंगरांत पाऊस मुरतो, जमिनीखालून उत्तरेकडे उतरत येतो आणि शहराखाली कठीण अग्निजन्य खडक आडवा आला की वाट न मिळाल्याने वर उसळतो. बाओतू झऱ्याला तर तीन तोंडं आहेत. हिरव्या कुंडात पाण्याचे तीन गोल फुगवटे सतत वर येत असतात, जणू खाली कुणी मोठ्या पातेल्याला जाळ घातलाय. पाणी मात्र बारा महिने अठरा अंशांच्या आसपास. थोडं पुढे काळ्या वाघाच्या झऱ्यावर लोक कॅन आणि बाटल्या भरून घरी नेत होते. आईनेही आपली बाटली भरून घेतली.

बाओतू झऱ्याच्या बागेतच शूयू नावाचा छोटा झरा आहे. शूयू म्हणजे जेडवरून खळाळणारं पाणी. ली छिंगचाओच्या कवितासंग्रहाचं नावही तेच. मूळ संग्रह हरवला. इतरांनी आपल्या निवडक संग्रहांत उतरवून ठेवलं म्हणून पन्नासच्या आसपास कविता आज हाताशी आहेत. झऱ्याशेजारी तिचं स्मारक आहे. दारावर विसाव्या शतकातले कवी क्वो मोरुओ यांच्या दोन ओळी : दामिंग सरोवराच्या काठी, बाओतू झऱ्यापाशी, लोंबत्या विलोंच्या गर्दीत तिचं जुनं घर होतं, असं पहिली ओळ सांगते.

ती लिहायची त्या काव्यप्रकाराला 'त्स' म्हणतात. आईला हे समजावताना मला फार लांब जावं लागलं नाही. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असे. त्सचं तसंच. चाल आधीची, ठरलेली. कुठल्या ओळीत किती अक्षरं आणि कुठे कुठला स्वर, हे बांधलेलं. कवीने त्यात शब्द बसवायचे. कवितेला वेगळं शीर्षकही बहुधा नसतं, चालीचंच नाव. छिंगचाओने या प्रकारावर एक निबंध लिहिला आणि त्यात भल्याभल्यांना धारेवर धरलं. सू श हा त्या काळचा सगळ्यात मोठा कवी, तिच्या वडिलांचा गुरुस्थानी असलेला माणूस. त्याची त्स म्हणजे ओळी लहानमोठ्या केलेल्या साध्या कविताच आहेत, चालीत बसत नाहीत, असं तिने लिहून टाकलं. "गाण्याचा कान होता म्हण की तिला," आई म्हणाली. होता. आणि भीडही नव्हती.

तिची कोवळ्या वयातली म्हणून ओळखली जाणारी एक कविता मी आईसाठी मराठीत केली होती. झऱ्याच्या कठड्यावर बसून वाचली :

ओढ्याकाठच्या मांडवातली ती सांज अजून आठवते,
इतकी झिंगलेली की घरची वाट उमजेना.
मन भरलं तेव्हा उशिरा नाव वळवली
आणि चुकून शिरले कमळांच्या दाटीत.
मार वल्हं, मार वल्हं,
वाळूवरचे सगळे बगळे भर्रकन उडाले.

ही करताना एक अडचण आली होती. चिनी ओळीत कर्ताच नाही. झिंगली की झिंगला, एकटी की मैत्रिणींबरोबर, मूळ कविता काहीच सांगत नाही. मराठीत क्रियापद टेकवायचं तर बाई की पुरुष हे ठरवावंच लागतं. मी 'झिंगलेली' लिहिलं. अकराव्या शतकातली एक मुलगी दारू पिऊन नाव भरकटवते आणि ते लपवत नाही, हे मराठीत मला उघड करावंच लागलं, आणि ते करताना फार बरं वाटलं.

दुसरा दिवस : चांगछिऊ

जिनानच्या पूर्वेला चांगछिऊ. तिचं मूळ गाव हेच, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. तिथेही झरे, तिथेही बाग, बागेत तिच्या नावाचा भाग. वडील ली गफेइ हे विद्वान, लोयांगमधल्या नामांकित बागांवर त्यांनी लिहिलेलं पुस्तक आजही वाचलं जातं. मुलीला त्यांनी लिहू दिलं, आणि तिच्या कविता थोरामोठ्यांत पोचल्या तेव्हा आडवे आले नाहीत.

बाकी दिवस खाण्यात गेला. सकाळी 'थिएनमो' प्यायलो. नावाचा अर्थ गोड फेस, आणि चव खारट! राळ्याच्या पिठाची पातळ पेज, तिच्यात शेंगदाणे, पालक, शेवया. आईला आंबिलीची आठवण झाली. चांगछिऊच्या कांद्याच्या पातीची ख्याती सगळ्या चीनभर आहे. बाजारात रचलेल्या जुड्या आईच्या खांद्याला लागत होत्या. पातळ धिरड्यात तसाच कच्चा कांदा गुंडाळून दातांनी तोडून खायचा. आईने सोबत आणलेलं मेतकूट त्यावर भुरभुरलं आणि विकणाऱ्या बाईलाही चाखायला दिलं.

तिसरा दिवस : छिंगचौ

या दिवसासाठी सगळा प्रवास होता.

११०१ मध्ये, चिनी मोजणीने अठराव्या वर्षी, तिचं लग्न चाओ मिंगछंगशी झालं. तो एकवीस वर्षांचा, राजधानीतल्या विद्यापीठात शिकणारा, आणि त्याला एकच नाद : जुनी ब्राँझची भांडी आणि शिलालेखांचे ठसे. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा, वरून शाईची पुरचुंडी हलक्या हाताने टिपायची. पार्श्वभूमी काळी होते आणि अक्षरं पांढरी राहतात. आपल्याकडेही शिलालेखांचे अभ्यासक असाच ठसा घेतात. लग्न झालं आणि राजकारण फिरलं. ज्या गटाचे म्हणून तिचे वडील ठरवले गेले त्या गटाची काळी यादी निघाली, वडिलांचं नाव त्यात. सासरे त्याच वेळी दरबारात वर चढत होते. तिने सासऱ्यांना कवितेतून विनवलं, त्यात बाप-लेकराच्या मायेची आठवण करून दिली. उपयोग झाला नाही. ११०७ मध्ये सासरे वारले आणि त्यांच्या शत्रूंनी कुटुंबाला पकडलं, सोडलं. मग दोघं नवरा-बायको राजधानी सोडून इथे, छिंगचौला आली. दहा वर्षांहून अधिक काळ राहिली.

तळ्याकाठच्या जुन्या बागेत तिचं स्मारक आहे. शेजारीच फान चोंगयान, फू बी आणि ओयांग शिऊ या तिघा अधिकाऱ्यांचं देऊळ. ओयांग शिऊने शिलालेखांच्या ठशांचा मोठा संग्रह केला होता, आणि तोही कधीकाळी छिंगचौचा कारभारी होता. मिंगछंगने त्याचाच कित्ता गिरवला. त्या देवळातून निघून चार पावलांवर या दोघांच्या नावाच्या खोलीत शिरताना मला हे सगळं एकाच माळेतलं वाटलं.

आपल्या अभ्यासिकेला त्यांनी 'परतीचा दिवाणखाना' म्हटलं, थाओ युआनमिंग या जुन्या कवीच्या घरी परतण्याच्या प्रसिद्ध रचनेवरून. छिंगचाओने आपलं टोपणनावही तिथूनच उचललं : ई-आन, म्हणजे थोडक्यात सुखी. गुडघे मावतील एवढ्या खोलीतही चैन पडते, असा त्या ओळीचा भाव. जेवणानंतर चहा उकळायचा आणि पुस्तकांच्या ढिगाकडे बोट दाखवून एकमेकांना विचारायचं : अमुक घटना कुठल्या ग्रंथात, कितव्या खंडात, कितव्या पानावर, कितव्या ओळीत? जो बरोबर त्याने चहा आधी प्यायचा. तिची स्मरणशक्ती दांडगी. जिंकली की पेला उचलून इतकी हसायची की चहा मांडीवर सांडायचा आणि प्यायला उरायचाच नाही. हे तिने स्वतः लिहिलंय.

आणि मग ती जागा, जिच्यासाठी मी आईला इथवर आणलं होतं. बाकावर बसून मी पुढचा भाग वाचला. संग्रह वाढला तशी मोठी कपाटं आली. पुस्तकांना क्रमांक पडले. वाचायला पुस्तक हवं तर किल्ली मागायची, वहीत नोंद करायची, मग खंड बाहेर. पानाला डाग पडला किंवा कोपरा मुडपला तर जाब द्यायचा आणि दुरुस्त करून द्यायचं. पहिल्यासारखी मोकळीक राहिली नाही. मनाच्या सुखासाठी मांडलेलं, त्याचाच घोर होऊन बसला, असं ती म्हणते. तिला हे सोसेना. तिने जेवणातला दुसरा मांसाचा पदार्थ बंद केला, रंगीत कपड्यांचा दुसरा जोड बंद केला, मोत्या-जेडचे दागिने, नक्षीचं सामान बंद केलं, आणि वाचलेल्या पैशातून चांगल्या पुस्तकांची दुसरी प्रत घ्यायला लागली.

आई एकदम म्हणाली, "देवघेवीची प्रत! एक संदर्भाला, एक देवघेवीला. अगं, हेच आम्ही समितीपुढे वर्षानुवर्षं मागत होतो." मग गप्प झाली. थोड्या वेळाने विचारलं, "त्या वहीचं काय झालं? दाखल नोंदवहीचं?"

ते पुढे येणार होतं. "गाडीत सांगते," मी म्हटलं.

दुपारी संग्रहालयात लोंगशिंग मंदिराच्या मूर्ती पाहिल्या. १९९६ मध्ये एका शाळेच्या मैदानाखाली खड्ड्यात चारशेहून जास्त बुद्धमूर्ती आणि तुकडे सापडले, भंगलेले, ओळीने नीट निजवलेले. काहींच्या अंगावरचं वस्त्र इतकं तलम कोरलंय की सारनाथच्या गुप्तकालीन बुद्धाची आठवण यावी. ओठांवरचा लाल रंग, अंगावरचा सोनेरी मुलामा अजून टिकून आहे. आई एका मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहिली. "कुणीतरी जपून पुरल्यात या," म्हणाली.

चौथा दिवस : कायफंगकडे

जिनानला परत, तिथून चंगचौ, तिथून कायफंग. गाड्या बदलण्यातच दिवस सरला. संध्याकाळी रात्रबाजारात भटकलो. चोंगयांगचा सण, म्हणजे नवव्या महिन्याची नवमी, दोन दिवसांवर आली होती आणि शहरभर शेवंतीचा उत्सव चालू होता. चौकाचौकांत कुंड्यांचे डोंगर, पिवळे, पांढरे, जांभळे. याच सणाला नवरा परगावी असताना तिने लिहिलेल्या त्सचा शेवट असा :

म्हणू नका काळीज तुटत नाही म्हणून,
पश्चिमेचा वारा पडदा उचलतो तेव्हा
आतलं माणूस या पिवळ्या फुलाहून रोड.

या एका ओळीमुळे तिचे पुतळे आणि चित्रं कायम सडपातळ, कायम मान झुकलेली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या बाईने सू शला चालीवरून सुनावलं, जी चहा सांडेतो हसली, तिला आपण एका पोजमध्ये उभी करून ठेवलं आहे.

पाचवा दिवस : कायफंग

कायफंग ही उत्तर सोंग घराण्याची राजधानी. त्या वेळी जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांत तिची गणना. आज ते शहर पायाखाली आहे, शब्दशः. पीत नदीच्या पुरांनी थरावर थर गाळ आणून टाकला. छिंगचाओ ज्या रस्त्यांवरून चालली ते आता आठेक मीटर खोल आहेत. गावावर गाव रचलेलं, असंच इथले लोक सांगतात.

तिने जे डोळ्यांनी पाहिलं असेल असं काय उरलंय, हे मी शोधत होते. लोखंडी पॅगोडा. लोखंडाचा नाही, गंजाच्या रंगाच्या चकचकीत विटांचा. १०४९ साली बांधलेला, तेरा मजली, सुमारे ५६ मीटर उंच. तिच्या जन्माआधी पस्तीस वर्षं तो उभा होता, आणि भूकंप, पूर, युद्धं झेलून अजून आहे. त्याचाही पायथा गाळात गेलाय. जवळ जाऊन बघितलं तर विटाविटांवर कोरीव काम : बुद्ध, अप्सरा, सिंह, फुलं. आईने एका विटेवर तळहात ठेवला.

तिथून शिआंगक्वो मंदिर. सध्याच्या इमारती बऱ्याच नंतरच्या, पण जागा तीच. सोंग काळात महिन्यातून पाच वेळा इथे बाजार भरे. ओवऱ्यांमध्ये भिक्षुणी आपलं भरतकाम विकत, मागच्या बाजूला पुस्तकं, जुन्या चिजा आणि चित्रं. मिंगछंगला प्रतिपदेला आणि पौर्णिमेला विद्यापीठातून सुट्टी मिळे. अंगावरचे कपडे गहाण टाकायचे, पाचशे नाणी घ्यायची, इथे येऊन ठसे आणि फळं विकत घ्यायची, आणि घरी समोरासमोर बसून फळं खात खात ठसे वाचायचे. एकदा कुणी शू शी या जुन्या चित्रकाराचं पिओनी फुलांचं चित्र दाखवायला आणलं. किंमत दोन लाख नाणी. दोन रात्री घरात ठेवलं, पैसे उभे राहीनात, परत केलं. कितीतरी दिवस दोघं एकमेकांकडे बघून हळहळत राहिली.

ही हळहळ तिने तीस वर्षांनी लिहिली. तोवर तिचं घर, शहर, नवरा, सगळं गेलं होतं, आणि तरी न घेतलेल्या त्या चित्राची किंमत तिला आकड्यासकट आठवत होती.

सहावा दिवस : गाडीत

हनान प्रांतातून खाली चच्यांगपर्यंत जवळजवळ सगळा दिवस गाडीत. दशम्या संपल्या होत्या. मी फोनवर 'जिनश लू'ची प्रस्तावना उघडली. खरं म्हणजे ती पुस्तकाच्या शेवटी येते. 'जिनश लू' म्हणजे धातू आणि दगडांवरच्या लेखांची नोंद. तीस खंड, दोन हजार लेखांची सूची, ५०२ टिपणं. मिंगछंगने केलेलं, आणि त्याच्या मागे तिने तडीस नेलेलं. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले.

११२६ साली उत्तरेकडचे जुर्चेन चालून आले. पुढच्या वर्षी राजधानी पडली, दोन सम्राट कैद झाले. मिंगछंग आईच्या अंत्यविधीसाठी दक्षिणेला गेला आणि मागे छिंगचाओपुढे दहाहून अधिक खोल्या भरून संग्रह. सगळं नेणं शक्य नव्हतं. आधी जड छापील ग्रंथ काढले. मग अनेक पट्ट्यांची चित्रं. मग लेख नसलेली भांडी. तरी फार होतं. मग सरकारी छापखान्याच्या प्रती काढल्या, कारण त्या दुसरीकडे मिळतील. मग साधारण चित्रं. मग वजनदार भांडी. इतकं काढूनही पंधरा गाड्या उरल्या.

आईने मला थांबवलं. "परत सांग. आधी काय, मग काय?"

मी परत सांगितलं. ती बोटांवर मोजत होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी वाचनालयाच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा आदल्या रात्री वरच्या मजल्यावर काय न्यायचं हे आईनेच ठरवलं होतं. दुर्मिळ आधी, दिवाळी अंकांचे जुने बांधीव खंड मग, नोंदवह्या छातीशी धरून. पाणी ओसरल्यावर दोन महिने ती ओली पानं दोरीवर वाळत घालत होती आणि रात्री निर्लेखनाच्या, म्हणजे बाद झालेल्या पुस्तकांच्या, याद्या लिहीत होती. तेव्हा मी शांघायहून फोन करायची आणि ती म्हणायची, "बरं चाललंय." त्या याद्यांबद्दल ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती.

"बरोबर केलं तिने," आई म्हणाली. "जे दुसरीकडे मिळेल ते सोडायचं."

छिंगचौमध्ये राहिलेल्या खोल्या त्याच वर्षी बाराव्या महिन्यात जळून राख झाल्या. ११२९ मध्ये मिंगछंग जिआंगनिंग शहराचा कारभारी असताना सैनिकांनी बंड केलं, आणि तो रात्री दोर टाकून तटावरून उतरून पळाला. त्याला काढून टाकलं. त्याच सुमारास तिने चार ओळी लिहिल्या असं मानतात :

जगताना माणसांत श्रेष्ठ व्हावं,
मेल्यावर भुतांतही वीर.
आजही आठवतो शिआंग यू,
ज्याने नदी ओलांडून पळणं नाकारलं.

शिआंग यू हा जुन्या काळचा, लढाई हरलेला सेनानी. ओळींत नवऱ्याचं नाव नाही. पळून दक्षिणेला आलेल्या दरबाराचंही नाही. दोघांनाही कळलं असेल.

काही महिन्यांनी त्याला नव्या नेमणुकीसाठी बोलावणं आलं. ती नावेत, तो काठावर. तिने ओरडून विचारलं, शहरावर संकट आलं तर मी काय करू? त्याने लांबूनच बोट दाखवत सांगितलं : लोक जातील तिकडे जा. वेळ आली तर आधी सामान टाक, मग कपडे, मग पुस्तकं आणि गुंडाळ्या, मग जुनी भांडी. पूजेची ती पात्रं मात्र स्वतः उचल, त्यांच्याबरोबर जग नाहीतर मर. विसरू नकोस. मग घोडा दौडवत निघून गेला. उन्हातान्हात आजारी पडला. कळल्याबरोबर तिने एका दिवसरात्रीत तीनशे ली, म्हणजे दीडशे किलोमीटर, नदीतून कापले. आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी तो गेला.

वीस हजार खंड आणि दोन हजार ठसे तिने सुरक्षित म्हणून होंगचौला, आजच्या नानचांगला, पाठवले होते. ते शहर पडलं आणि तेही गेलं. उरलेलं घेऊन ती पळणाऱ्या दरबारामागे थायचौ, समुद्रमार्गे वनचौ, युएचौ अशी फिरत राहिली. युएचौला, आजच्या शाओशिंगला, रात्री चोराने भिंत फोडून पाच पेट्या नेल्या. तिने बक्षीस लावलं, तर दोन दिवसांत शेजारीच अठरा गुंडाळ्या घेऊन बक्षीस मागायला आला. चोर कोण ते तिला उमगलं.

पाच पेट्या, अठरा गुंडाळ्या, पंधरा गाड्या. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रडणं शोधत होते, आणि सापडले ते आकडे. ती नोंद करत होती. संग्रह गेला होता, त्याची दाखल नोंदवही ती डोक्यातून परत लिहीत होती. माझ्या मते तिच्या सगळ्या कवितांहून हा गद्य मजकूर मोठा आहे, आणि तिच्या कविता कळायला हाच आधी वाचावा.

"आणि ते पुस्तक? आहे का कुठे?" आईने विचारलं. आहे. सोंग काळात छापलेली तीसही खंडांची प्रत १९५०च्या सुमारास नानजिंगमध्ये एका घरच्या संग्रहात सापडली. आता बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आईने डोळे मिटले आणि पुढची दोन स्टेशनं ती काही बोलली नाही.

सातवा दिवस : जिनहुआ

पाऊस. बायोंग म्हणजे आठ गीतांचा मनोरा. शन युए या कवीने पाचव्या शतकाच्या अखेरीस तो बांधवला आणि त्यावर आठ कविता केल्या. दगडी चौथऱ्यावर चढून गेलं की खाली दोन नद्या एकमेकींना मिळताना दिसतात. ११३४ मध्ये पुन्हा आक्रमणाची हूल उठली तेव्हा छिंगचाओ हांगचौहून पळून इथे आली. या मनोऱ्यावर तिने लिहिलं : हे डोंगर, या नद्या पुढच्यांच्या वाट्याला दुःख म्हणून ठेवल्यात. आणि लगेच पुढे, इथलं पाणी दक्षिणेला तीन हजार ली जातं, या जागेचा दरारा चौदा प्रांतांवर आहे. पन्नाशीची विधवा, आसरा शोधत आलेली, आणि नजर एवढी लांब.

इथेच तिने घोड्यांच्या सोंगट्यांच्या एका पटावरच्या खेळावर पुस्तक लिहिलं, नियमांसकट. मला सगळे डाव आवडतात, खेळायला बसले की जेवणझोप विसरते आणि बहुतेक जिंकतेच, कारण त्यातलं मर्म मला कळतं, असं ती सांगते. आई हसली. पत्त्यांत तिला आजवर कुणी हरवलेलं मी पाहिलं नाही.

तिची प्रसिद्ध त्सही याच नद्यांवरची. जुळ्या प्रवाहांवर अजून वसंत छान आहे म्हणतात, आपणही छोटी होडी घ्यावी असं मनात येतं. फक्त भीती एवढीच, टोळाएवढी ती होडी, तिला माझं एवढं दुःख वाहवणार नाही. आम्ही दुपारी पावसातच पादचारी पुलावरून नदीतल्या बेटावर चालत गेलो. होडी दिसली नाही.

रात्री खोलीत पाऊस ऐकत मी आईला 'संथ लयी'तली ती रचना वाचून दाखवली. सुरुवात सात जोड्यांनी : शोध शोध, धुंड धुंड, गार गार, सुनं सुनं, खिन्न खिन्न, भकास भकास, उदास उदास. सलग चौदा अक्षरं. तिच्याआधी असं करायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. शेवटी वूथोंग झाडाच्या पानांवर बारीक पाऊस, तिन्हीसांजेपर्यंत 'दिएन दिएन दी दी'. "टिपटिप रिपरिप," आईने न विचारता भाषांतर केलं. मी दोन वर्षं त्या चार अक्षरांपाशी अडले होते.

आठवा दिवस : हांगचौ

तासाभरात हांगचौ. वेस्ट लेकच्या काठी विलोंच्या बागेत तिच्या नावाचा छोटा मंडप आहे. वीसएक वर्षं ती या शहरात राहिली. तिच्या उरलेल्या कवितांत या सरोवराचं वर्णन नाही. तिची नजर उत्तरेकडेच राहिली.

११३२ मध्ये इथे तिने दुसरं लग्न केलं, चांग रूचौ नावाच्या अधिकाऱ्याशी. त्याचा डोळा उरलेल्या संग्रहावर होता. हाती फारसं लागेना तसा तो तिला मारू लागला. शंभरेक दिवसांत तिने त्याच्यावर फिर्याद केली, त्याने परीक्षांची खोटी संख्या दाखवून नोकरी मिळवली म्हणून. त्या वेळचा कायदा असा की नवऱ्यावर फिर्याद करणाऱ्या बायकोला, फिर्याद खरी ठरली तरी, दोन वर्षं कैद. हे माहीत असून तिने केली. तो दोषी ठरला, दूर दक्षिणेला पाठवला गेला. ती नऊ दिवस तुरुंगात राहिली. मिंगछंगच्या नात्यातल्या छी छोंगली यांनी शब्द टाकला म्हणून सुटली. त्यांना लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, आयुष्याच्या संध्याकाळी असल्या दलालाच्या पदरी पडले. पुढे शेकडो वर्षांनी काही पंडित हे लग्न झालंच नव्हतं असं सिद्ध करू पाहत होते, तिची अब्रू राखायला. ते नऊ दिवस तिच्याकडून काढून घेऊ नयेत असं मला फार वाटतं.

म्हातारपणी तिने सुन घराण्यातल्या दहा-बारा वर्षांच्या हुशार मुलीला आपली विद्या शिकवायची तयारी दाखवली. मुलीने नकार दिला. म्हणाली, लेखनाची चमक हे बायकांचं काम नव्हे. ही गोष्ट आपल्याला कळते ती त्या मुलीच्या मृत्युलेखातून. तो लू यू या मोठ्या कवीने लिहिला, आणि तिची स्तुती म्हणूनच ही आठवण त्यात घातली.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत होती. "बारा वर्षांची पोर," ती म्हणाली. "तिला कुणी शिकवलं असेल तसं म्हणायला?"

अंधारायला लागलं. विलोंपलीकडच्या मोकळ्या जागेत बायका जमल्या, कुणीतरी स्पीकर लावला, नाच सुरू झाला. तिची एक उतारवयातली त्स आहे, दिव्यांच्या सणाची. तरुणपणी कायफंगमध्ये हा सण कसा नटूनथटून साजरा करायचो ते आठवून ती म्हणते, आता केस विस्कटलेले, पांढरे, रात्री बाहेर पडायचं मन होत नाही. त्यापेक्षा पडद्याआड बसून लोकांचं हसणं ऐकेन.

"ही चिनीत म्हण," आई म्हणाली. मी म्हटली. तिने ओंजळभर आवाजात शेवटची चार अक्षरं माझ्यामागून म्हणायचा प्रयत्न केला. नाचणाऱ्यांतली एक बाई आमच्याकडे बघून हात हलवत होती. "आयी, या ना!"

आई उठली. पर्स माझ्याकडे दिली.